तिसऱ्या नटाची तार

भूतखेत, अंगात येणं, नवस... या सगळ्यापासून मी कायम चार हात लांब. सगळं आयुष्य कारखान्यात गेलं. जे मोजता येतं तेच खरं, हा माझा हेका आणि त्यावरून बायकोशी वादही भरपूर. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं.

चीनच्या लढाईनंतरची एक-दोन वर्षं असतील. मी मूळचा साताऱ्याकडचा. मद्रासजवळ आवडीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो. क्वार्टर मिळालं, लग्न झालं, सुमन आली. आणि तिच्या पाठोपाठ घरात आली माझी पहिली मोटरसायकल — महायुद्धाच्या आधीची, गडद हिरवी, टाकीवर हाताने ओढलेली पिवळी रेघ. मी बघताक्षणी खलास! सुमनला सवत आल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही.

गाडी मद्रासमधल्या मैलापूरच्या सुंदररावांची. तारखात्यातून रिटायर झालेले, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले तंजावरी मराठी. मोतीबिंदूने नजर गेली म्हणून विकली. किल्ली हातात देताना म्हणाले, "अस्कं बदल पा, पण तिचं मुख बदलू नको." अस्कं म्हणजे सगळं आणि पा म्हणजे आपलं 'बाबा', हे मला मागाहून कळलं.

मुख कशाला बदलतोय! कारखान्यातले दोस्त म्हणत होते, चकचकीत हँडल लाव, लाल रंग दे. मी कुणाचं ऐकलं नाही. दिवा तोच ठेवून आतला बल्ब बदलला. मागे दुसरी सीट बसवली, तीही पहिल्या सीटच्याच तपकिरी कातड्याची. राहिली फक्त पाय ठेवायची सोय. एका अंगाला बसणाऱ्या बाईचे दोन्ही पाय टेकतील अशी पट्टी बाजारात मिळेना. सुंदररावांना विचारलं तर त्यांनी भिंतीवरच्या खुंटीवरून एक लोखंडी पट्टी काढून दिली.

"जानकीची ही, माझ्या बायकोची. ती गेली, मग मी काढून ठेविली. तीन नट आहेत, भोकं पाडलेले. नटांत तार ओवून पीळ दे, म्हणजे सुटायचे नाहीत. ती आपल्या हातानें ओवी. माझ्यावर भरवसा नव्हता तिला!" आणि म्हातारा खूप वेळ एकटाच हसत राहिला. मला तेव्हाच तो माणूस फार आवडला.

आता सुमनचं सांगतो. लहानपणी ती भावाच्या सायकलवरून पडली होती आणि डावं मनगट तेव्हापासून किंचित वाकडं. "अहो, मी नाही बसायची त्या राक्षसावर," हे तिचं ठरलेलं वाक्य. दोन महिने मनधरणी केली तेव्हा कुठे बाई तयार झाल्या. "पाडणार नाही ना?" "नाही. शब्द देतो." ठरलं — दसऱ्याला गाडीवरून सुंदररावांकडे सोनं द्यायला जायचं.

नवमीच्या सकाळी पट्टी बसवायला घेतली. दोन नट पान्याने आवळले. तिसरा हातानेच फिरवून ठेवला, तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, आवरा, पूजा खोळंबलीय!" आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात आणि तिकडे आयुधपूजा. रीत एकच. पाटावर मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मी पाना, पक्कड धुऊन पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू. म्हटलं, तिसरा नट उद्या सकाळी आवळू, तारही उद्याच आणू. घरात तारेचा तुकडासुद्धा नव्हता. गाडी जाळीच्या व्हरांड्यात कुलपात. आणि त्या दिवशी अख्ख्या कॉलनीत पान्याला हात लावणारा माणूस शोधून सापडला नसता.

दसऱ्याला सकाळपासून माणसांची रीघ लागली आणि मी नट साफ विसरलो. फिटर म्हणवतो स्वतःला!

निघालो. सुमनने माझा शर्ट मागून मुठीत धरलेला. अंबत्तूरपर्यंत रामरक्षा पुटपुटत होती, पुढे गप्प झाली, आणि मग चक्क गुणगुणायला लागली. एका रेल्वे फाटकावर गाडी अशी आदळली की माझे दात वाजले. मैलापूरला उतरली तेव्हा ती हसत होती. "परत येतानाही गाडीवरूनच हं," म्हणाली.

मी पट्टीवरची धूळ पुसायला वाकलो... आणि आठवलं. तिसरा नट!

पंधरा मैल! पट्टी सुटून रस्त्याला अडकली असती तर सुमन चाकाखाली. बघतो तर नट घट्ट आवळलेला. तिन्ही नटांतून तांब्याची तार ओवलेली, टोकं साडीला लागू नयेत म्हणून आत वळवलेली.

सुंदरराव काठी टेकत बाहेर आले. "मामा, आवडीला कुणाला पाठवलं होतंत का?" मी विचारलं. ते नाही म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते हळूच उकिडवे बसले आणि तारेवरून बोट फिरवायला लागले. एकदा, दोनदा.

"पीळ उलटा आहे," म्हणाले.

"म्हणजे?"

"मी उजवा. माझा पीळ असा पडत नाही. हा डाव्या हाताचा." त्यांनी तारेचं आत वळवलेलं टोक चाचपलं. "जानकी डावखुरी होती पा."

मी वाकून तिन्ही नट पुन्हा तपासले. सुमन मात्र शांत होती. "मामा, घरात कुंकू आहे?" तिने विचारलं. त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. तिने करंडा आणला आणि पट्टीला हळदकुंकू लावलं, एखाद्या सवाष्णीला लावावं तसं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, माझेही.

परत आल्यावर पाटाजवळ गेलो. पाना फुलांखाली जसाच्या तसा. त्यावरचं कुंकवाचं बोटसुद्धा पुसलेलं नव्हतं.

मीच झोपेत केलं असेल, असं दोस्त म्हणाले. असेल बुवा. पण मी उजवा, तार घरात नव्हती, आणि तांब्याच्या तारेला तसा पीळ द्यायला मला आजही जमत नाही. करून पाहिलंय. खुलासा काही सापडलेला नाही आणि खरं सांगायचं तर हल्ली मी शोधतही नाही. ती तार मी कधी सोडली नाही. सुमन दर नवमीला आधी पट्टीला कुंकू लावते, मग माझ्या पान्यांना.

त्या दसऱ्यानंतर महिनाभराने डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सुमनला तिसरा महिना आहे. म्हणजे त्या दिवशी गाडीवर आम्ही दोघं नव्हतो, तिघं होतो.

"तिघं कसे?" पट्टीला कुंकू लावता लावता सुमन म्हणते. "चौघं."