पागेच्या बेटाचा जावई

"या समदामा मी कोठे शे?"

माईची गोष्ट संपली की सगळ्यांच्या मागून हा प्रश्न यायचा. पर्यटक वळून बघायचे. मागे दगडी भिंतीला टेकून, मांडीवर छत्री आडवी ठेवून एक उंच, हाडकुळा म्हातारा बसलेला असायचा. पंगतीत एकट्याच्या पानाला वाढायचं राहून जावं, तसा त्याचा चेहरा. माई, म्हणजे त्याची बायको, पदर सारखा करत म्हणायची, "आजोबासना वखतले तुम्ही जल्मेल बी नव्हतात."

"आनि मंग?" तो विचारायचा. "तेना नंतर?"

माई घोड्यांकडे हात करायची. लोक हसायचे आणि घोड्यांकडे वळायचे. तो मात्र हसायचा नाही. तो खरंच विचारत होता, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

आमचं दुकान धरणाच्या काठावर आहे. किराणा, थंड पाण्याच्या बाटल्या, चहा, आणि पागेच्या बेटावर जाणाऱ्या लाँचची तिकिटं. तिकिटांचं काम माझ्याकडे असल्यामुळे येणारी-जाणारी जोडपी मी पुष्कळ पाहते. तुम्हीही पाहिली असतील. एक फोटो काढतं, दुसरं उन्हात उभं राहतं. पण बायकोवर इतक्या उघडपणे जळणारा नवरा मी तेवढा एकच पाहिला.

त्याला सगळे पाव्हणा म्हणायचे. आमच्याकडे जावयाला पाव्हणाच म्हणतात, आणि बेट माईचं माहेर. त्यामुळे लाँचवाल्यापासून चुलीवर भाकरी थापणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचाच तो जावई. त्याला ते आवडत नसे. "साखर कारखानामा सारी जिंदगी गयी मन्ही. तठे माले समदा साहेब म्हनेत," तो सांगायचा. बॉयलरवर फिटर होता. निवृत्त झाला आणि दोघं शहाद्याकडून इथे, काठावरच्या गावात राहायला आली. कारण माईच्या चुलतभावाने बेटावरची पडकी पागा दुरुस्त करून लोकांसाठी खुली केली होती, आणि तिथली जुनी हकिगत सांगणारं माईशिवाय कुणी उरलं नव्हतं.

हकिगत अशी. धरण नव्हतं, तेव्हा बेटही नव्हतं. तापीकाठची एक टेकडी होती आणि तिच्याभोवती रान. माईचे आजोबा खालच्या सपाटीवरचे शेतकरी. भावांशी पटलं नाही म्हणून थोड्या गायी आणि एक घोडी घेऊन ते या टेकडीवर आले. झाडं तोडली, काळ्या दगडाची पागा बांधली, जनावरांना पाणी प्यायला दगडी हाळ खोदला. घोडे वाढवायचे आणि सारंगखेड्याच्या बाजारात विकायचे. हळूहळू माणसं येऊन राहिली, गुराखी आले, बांधकामाचा चुना दळायची घाणी सुरू झाली. मग धरणाचं पाणी चढलं, खालची शेतं गेली, आणि टेकडीचा माथा तेवढा पाण्यात उरला.

आता लोक तिथे जातात ते पागेच्या भिंतीत रुतलेल्या लोखंडी कड्या बघायला. घाणीचं मोठं दगडी चाक अजून त्याच्या चरात उभं आहे. जनावरांना डाग द्यायच्या सळया आहेत, बिबट्यावर नजर ठेवायचं मचाण नव्याने बांधलंय, दोन गरीब घोडे पोरांना पाठीवर घेऊन फिरतात, आणि दुपारी भरीत-भाकरीचं जेवण असतं. एका चिंचेखाली आजोबांच्या त्या पहिल्या घोडीची समाधी आहे; तिचं नाव चांदी. बिबट्या गोठ्यात शिरला तेव्हा तिने लाथा झाडून वासरं वाचवली आणि चार दिवसांनी जखमांनी मेली.

चांदीची गोष्ट सांगताना माईचा आवाज उतरत असे. सुरतेहून आलेल्या बायका डोळे पुसायच्या, समाधीवर फूल ठेवायच्या. पाव्हणा त्या समाधीकडे पाठ करून बसायचा.

"शेठानी, तुम्ही हिना आवाज ऐका," तो एकदा मला म्हणाला. "घोडीनं नाव कसं लेस. मन्हं नाव त ती लेतच नही."

"पाव्हणा, नवऱ्याचं नाव कुठली बाई घेते? आणि घोडी तर माईच्या जन्माआधीच मेली."

"तेच त," तो म्हणाला. "दखेल बी नही, तरी इतली माया."

एकदा एक तरुण कॅमेरा घेऊन आला. त्याने माईला घाणीच्या चाकाशी उभं करून सगळी गोष्ट बोलून घेतली. ती चित्रफीत खूप लोकांनी पाहिली. पुढच्या रविवारी लाँचला रांग लागली, आणि लोक माईला बघितलं की म्हणायचे, ह्याच त्या. पाव्हणा आमच्या दुकानात येऊन माझ्या मोबाइलवर ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघायचा. एका जागी बोट ठेवून थांबवायचा.

"हाई कोपर दखा. मन्हं शे."

खरंच, माईच्या मागे भिंतीच्या कडेला एक कोपर दिसत होतं.

मी हे आमच्या ह्यांना हसत हसत सांगितलं. हे गल्ल्यावर बसलेले होते. स्वतःच्या मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "बाटल्या संपल्यात, सांगून ठेव." मी दिवसभर तिकिटं देते, चार परक्या माणसांशी हसून बोलते, कधी लाँचबरोबर बेटावर जाऊन संध्याकाळी परतते. कुठे होतीस, असं ह्यांनी मला कधी विचारलं नाही. चांगला माणूस आहे, तक्रार नाही. पण माई लाँचमधून उतरायची आणि मागून पाव्हणा तिची पिशवी, तिचा चष्मा, तिची पाण्याची बाटली घेऊन, तोंड फुगवून उतरायचा, तेव्हा माझं तिकिटांचं मोजणं चुकायचं. त्याची चीड येत नव्हती. माईचीच येत होती. एवढं जळणारं माणूस मिळालंय आणि हिला त्याचं काही नाही, असं वाटायचं.

घोडीपेक्षाही पाव्हण्याला जास्त सलत होता तो गोष्टीतला एक मुलगा. गुराख्याचा. माईपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याने माईला लहानपणी घोड्यावर बसायला शिकवलं होतं, आणि शेवटच्या पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा अडकलेलं शिंगरू पोहत जाऊन आणलं होतं. माई हे दोन वाक्यांत सांगायची. पण ती दोन वाक्यं आली की पाव्हणा छत्रीचं टोक जमिनीवर आपटायचा.

"तो आते कोठे व्हई?" एकदा त्याने मला विचारलं.

"मला काय माहीत?"

"हिले माहीत व्हई," तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून गेला.

गेल्या दिवाळीनंतरच्या गर्दीत सोनगढकडून एक कुटुंब आलं. मुलगा, सून, नातवंडं, आणि धोतर-टोपीतले एक ठेंगणे आजोबा. त्या दिवशी मीही बेटावर गेले होते, बाटल्यांची खोकी पोचवायला. माईने नेहमीसारखी सुरुवात केली. कड्या दाखवल्या, हाळ दाखवला. शिंगराची गोष्ट आली तेव्हा ते ठेंगणे आजोबा शांतपणे म्हणाले, "शिंगरू नही, बाई. शिंगरी व्हती."

माई थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि म्हणाली, "तू शे का?"

मला आधी आठवण झाली ती पाव्हण्याची. मी मागे बघितलं. तो उठून उभा राहिला होता.

गोष्ट तिथेच अडली. पर्यटक कुजबुजायला लागले. तेव्हा पाव्हणा चालत पुढे आला, त्या आजोबांच्या समोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता तमाशा होतो.

"चाला," तो त्यांना म्हणाला. "तुम्हले मी दखाडस समदं."

आणि तो त्यांना घेऊन गेला. गोष्ट त्याला तोंडपाठ होती. आम्ही लांबून बघत होतो. दोघं घाणीपाशी थांबले, मचाणापाशी थांबले. पाव्हणा पोलिसाने चौकशी करावी तसा एकेक प्रश्न विचारत होता. घोडा कोणत्या रंगाचा होता, कुठपर्यंत न्यायचात, बरोबर आणखी कोण असायचं. आजोबा आठवून आठवून उत्तरं देत होते. बोलत बोलत दोघं खाली पाण्याच्या कडेला, लाँच लागते तिथे आले. मी तिथेच खोक्यांवर बसले होते.

"एक गोट माले समजत नही," आजोबा म्हणाले. "हाई आठे रोज कशी येस? हिले पानीनी भारी भीती वाटे. धाकली व्हती तव्हय डोहमा पडनी व्हती. आमी टेकडी सोडी तो दिन हिना बापनी डोयावर फडकं बांधं, तव्हय नावमा बठनी."

पाव्हण्याने त्यांच्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. मग तो लाँचच्या फळीवर बसला आणि स्वतःच्या उजव्या मनगटाकडे बघत राहिला.

लाँचमध्ये माई रोज त्याचं ते मनगट धरून बसायची. जाताना आणि येतानाही. आम्ही सगळे ते बघत होतो. मला वाटायचं, ती त्याला गप्प बसवायला धरते. त्यालाही तसंच वाटत असावं, कारण तो हात सोडवून घ्यायचा प्रयत्न करायचा आणि ती आणखी घट्ट धरायची.

त्या संध्याकाळच्या लाँचमध्ये मी त्यांच्या समोरच्या बाकावर होते. सोनगढचं कुटुंब पुढे बसलं होतं. माईने सवयीने हात पुढे केला. पाव्हण्याने तो धरला.

"पानीनं माले कसाले नही सांगं?" त्याने विचारलं.

माईने पुढे बसलेल्या आजोबांच्या टोपीकडे रागाने बघितलं.

"त्याले माहीत शे. माले नही," पाव्हणा म्हणाला. "इतला वरीस व्हयनात लगीनले."

"सांगं असतं तर तुम्ही माले येऊ दिधं नसतं."

"नसतंच दिधं."

"मंग?" माई म्हणाली. "माले येनं व्हतं. तुम्ही संगे व्हतात, म्हनीसन येता येये."

इंजिनाचा आवाज फार होता. तो काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही. मी मान वळवली आणि पाण्याकडे बघत बसले. खरं सांगायचं तर मला ती दोघं समोर नको झाली होती. मी काठावर उतरले तेव्हा हे गल्ल्यावर होते. "बाटल्या दिल्या का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यानंतर पाव्हणा बदलला असं मी म्हणणार नाही. चांदीकडे त्याची पाठच राहिली. सोनगढच्या आजोबांचा फोन आला की तो माईच्या हातातून मोबाइल घेऊन आधी स्वतः बोलायचा, आणि बराच वेळ बोलायचा. फक्त लाँचमध्ये चढताना तो पुढे जाऊन आधी बसायचा, हात पसरून वाट बघायचा, आणि माई नीट बसेपर्यंत लाँचवाल्याला इंजिन सुरू करू द्यायचा नाही.

थंडीत त्याची छाती भरली. त्यांचा मुलगा सुरतेला असतो; तो दोघांना घेऊन गेला. तिकडून पाव्हणा परत आला नाही.

माई महिन्याभराने एकटीच गावी आली, कपाळावर कुंकू नव्हतं. चुलतभाऊ दोनदा बोलवायला येऊन गेला. बेटावर आता एक कॉलेजातली मुलगी गोष्ट सांगते, चांगली सांगते, पण लोक माईला विचारतात. ती रोज दुपारी आमच्या दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसते. पाण्यापासून लांब. कुणी विचारलं तर तिथूनच हात करून दाखवते, ती पागा, ती चिंच.

परवा गर्दी नव्हती. लाँच जवळजवळ रिकामी निघत होती. मी बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "माई, चला आज. मी येते बरोबर. माझा हात धरा, मी सोडणार नाही."

मी हात पुढे केला. तिने तो बघितला. क्षणभर मला वाटलं, उठणार.

"नको शेठानी," ती म्हणाली. "त्यासले राग यी."

आणि तिने आपला हात पदराखाली घेतला.