सोजरबाईंच्या मोबाइलला काय झालं?

श्यामसुंदर गद्रे पेठेतून धायरीला राहायला आले आणि वर्षभरात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन झाले. झाले कसले, लोकांनी गळ्यात मारलं! पण गृहस्थ कॉलेजच्या परीक्षा विभागात तीस वर्षं घासलेले. बसले आणि नियमच लिहून काढले: सुप्रभात नको, राजकारण नको, आवाजी मेसेज नको. तीन ताकिदी, मग बाहेर; सहा महिने परत प्रवेश नाही.

राजकारण रोज टाकायचे हिंदुराव. सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच जुन्या शेतावर, आणि उन्हाळ्यात टँकर भरतो तोही त्यांच्याच विहिरीवर. दोन ताकिदी झाल्यावर गद्र्यांनी अदबीनं फोन केला. हिंदुराव म्हणाले, "नियम मला एकट्यालाच हाय का? ती सोजरबाई रोज बडबडती, ते चालतं व्हय?"

खोटं नव्हतं. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या सोजरबाईंना लिहिता येत नसे, म्हणून त्या बोलून पाठवायच्या. मेथी निवडलीय, कुणाला हवी तर न्या. वरच्या बाळाचा खोकला थांबला का?

गद्र्यांनी त्यांना तीन दिवसांत तीन ताकिदी दिल्या. लेखी, तारीख घालून! चौथ्या दिवशी काढून टाकलं. हिंदुरावांना तिसरी ताकीद द्यायला मात्र बोट धजेना. विहीर डोळ्यांपुढे आली.

दोनच दिवसांत सोजरबाई मोबाइल घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, भाऊ, बघा जरा, कुणाचं काहीच येत नाही, बिघडलाय वाटतं. गद्र्यांनी उगाच चार बटणं दाबली आणि म्हणाले, रेंज नसेल.

बाई गेल्यावर पद्मजाताई नवऱ्याला म्हणाल्या, "लिहिता येत नाही त्या बाईला वाचता येत असेल, असं कसं वाटलं हो तुम्हाला?" गद्रे कसनुसे झाले. खरंच सुचलं नव्हतं त्यांना. परत घ्यावं तर हिंदुराव बोट दाखवणार, आणि नियम स्वतःच्याच हातचा. फार वाईट वाटलं, पण काही केलं नाही.

काढल्याच्या सातव्या दिवशी सोजरबाई पुन्हा आल्या. हातात नवाकोरा मोबाइल, भाचीकडून मागवलेला. काचेवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. सोबत मेथीची जुडी.

"आता येतील ना भाऊ, सगळी ह्यात?"

"येतील," गद्रे मेथीकडे बघत म्हणाले, "थोडा वेळ लागेल."

नियमाप्रमाणे अजून पाच महिने तेवीस दिवस होते.