सोनोग्राफीच्या खोलीतल्या डॉक्टरबाई

कोपरीतल्या त्या डॉक्टरबाईंना मी एकदाच भेटलो, नावही विचारायचं राहिलं. माझी नऊ वर्षांची मुलगी अंगाने बरीच जाड. दोन दिवस पोट दुखतंय म्हणत होती आणि मी तिला "वडापाव कमी खा" एवढंच सांगत होतो.

सोनोग्राफीची खोली अंधारी, थंडगार. पडद्यावर राखाडी धुकं तरंगत होतं, पहाटे खाडीवर असतं तसं. "चरबीमुळे अपेंडिक्स पटकन सापडत नाही," बाई म्हणाल्या. बाहेर रांग होती, पण त्यांना घाई नव्हती. जेलची बाटली तळहातांत धरून त्यांनी कोमट केली. मग मैत्रिणींची नावं विचारत त्या पोट हळूहळू दाबत राहिल्या. तिसऱ्या नावाला मुलगी बोलायचीच थांबली.

"इथे ना गं, बाळा?"

"हो. मी नाटक नाही करत."

"माहितीये मला. पोट मोठं असलं म्हणून दुखणं खोटं नसतं."

बाईंची नजर पडद्यावरच होती, तरी माझी मान खाली गेली.

थोड्या वेळाने त्या धुक्यात सुजलेलं अपेंडिक्स दिसलं. संध्याकाळीच ऑपरेशन झालं, अपेंडिक्स फुटायच्या आत निघालं.

शुद्धीवर आल्यावर मुलीने विचारलं, "पप्पा, आता खरं वाटलं ना?"