काकूंच्या नाकानं पास केलेलं घर

कुठल्याही साइटवर काम संपलं की थोडी वाळू उरते, चार टाइल्स उरतात आणि पोतंभर किस्से उरतात. वाळू कोणीतरी मागून नेतं, किस्से माझ्याच वाट्याला येतात. मी नागपुरात आर्किटेक्ट आहे. राहणाऱ्याच्या छातीला आणि डोक्याला त्रास देणारी रसायनं टाळून घरं बांधायची, हा माझा हट्ट. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो. किस्सा तिथूनच सुरू होतो!

पण धांडेकाकांच्या घरानं कमाल केली. काका क्लार्क म्हणून रिटायर झालेले, मानेवाड्याकडे त्यांचा प्लॉट. पुष्पाकाकूंना दमा. जुन्या भाड्याच्या घराला ऑइलपेंट लावला, तेव्हा काकूंना आडवं होता येईना. उशीला टेकून बसायचं आणि बसल्याबसल्याच डुलकी घ्यायची. शेवटी वास जाईपर्यंत त्या खाप्याला बहिणीकडे जाऊन राहिल्या. काकांनी तेवढे दिवस स्वतःच्या हातचं खाल्लं, ते त्यांच्या अजून लक्षात आहे.

पहिल्याच मीटिंगला काका म्हणाले, "मॅडम, घर कसंबी बांधा. पण मले त्या घरात बायकोसंग राहाचं हाय. तिले पुन्हा खाप्याले पाठवाचं काम पडलं, तर मले ते घरच नाही पायजे!"

काकू म्हणाल्या, "पाहा! पाया खोदला नाही अन् मले घराबाहेर काढून राहिले!"

*

रंगापासून सुरुवात केली. दुकानदारानं डबा समोर ठेवला. त्यावर हे एवढं मोठं कडुनिंबाचं पान.

मी म्हटलं, "याचा टेस्ट रिपोर्ट दाखवा."

"मॅडम, पत्ता तो देखो! एकदम ग्रीन है!"

"पान दिसलं. यात शिसं आहे का? उडून जाणारी रसायनं किती आहेत?"

"कुछ नही है! शिसं नाही, वास नाही, केमिकल नाही. काहीच नाही यात!"

सुखदेवभाऊ, म्हणजे आमचे ठेकेदार, सोबत आले होते. त्यांनी डबा उचलून कानाशी हलवला आणि विचारलं, "मंग भरलं काय हाय गा याच्यात?"

*

रिपोर्ट बघूनच मी माल घेते. नुसत्या नाकावर विसंबून चालत नाही, कारण काही त्रासदायक गोष्टींना वासच नसतो. पण कागदावर पास झालेला मालही काकूंना सोसला पाहिजे. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. प्लायवूडचे बारके तुकडे स्टीलच्या डब्यात बंद करायचे, डबा उन्हात ठेवायचा, आणि दुपारी काकूंनी झाकण किलकिलं करून लांबूनच अंदाज घ्यायचा.

एकदा सुखदेवभाऊंनी मला न विचारता भलताच प्लाय आणला. काकूंनी झाकण जरासं उचललं आणि लगेच दाबलं. डोळ्यांत पाणी!

"सुखदेवभाऊ, हे तुमच्याच घरी लावा."

"नाही बाप्पा! मले घरी राहाचं हाय!"

तो प्लाय त्याच टेम्पोतून परत गेला. त्यानंतरचा प्लाय मात्र रिपोर्टातही पास झाला आणि काकूंकडेही. त्या खुशीत डबा तसाच काकूंच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर राहिला. संध्याकाळी काका चहा घेऊन बसले, सवयीनं डब्यात हात घातला, आणि आतून ओरडले, "पुष्पा, यंदाचे शंकरपाळे लयच कडक झाले वं!"

*

पडदे घ्यायला काकू मला गांधीबागेत घेऊन गेल्या. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावरही रसायन चढवलेलं असतं, हे मी त्यांना सांगून बसले होते. मग काय! दुकानात गादीवर बसल्याबरोबर काकूंनी पहिला तागा उलगडला आणि नाकापासून हातभर लांब धरला. नको. दुसरा. नको. तिसरा. नको.

दुकानदार घायकुतीला आला. "काकू, रंग बघा, पोत बघा! पडदा लावायचा आहे, त्याचा वरण-भात करायचा नाही!"

"वरण-भात दोन टाइम खातो जी," काकू म्हणाल्या, "पडद्याची हवा तर दिवसरात्र खा लागते!"

दुकानदार उठला. मग त्यानं आतून साधं, न रंगवलेलं सुती कापड आणलं. आम्ही निघालो तेव्हा तो एकटाच बसून आपल्याच मालाचा वास घेत होता.

*

पेंटर गुणवंता हा सज्जन माणूस. पाण्यात कालवायचा सौम्य रंग त्यानं हॉलभर लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोंड पाडून माझ्याकडे आला.

"मॅडम, रंगात कायतरी गडबड हाय."

"काय झालं?"

"कालपासून लावून राहिलो, तरी डोकंच नाही दुखून राहिलं."

"अहो, मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कायचं? डोकं धरून घरी गेलो का बायको चहा करून देते. काल हसत गेलो, तर म्हणे कामावर गेलाच नाही!"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतकी वर्षं हा माणूस डोकेदुखीलाच कामाची पावती समजत होता. मी म्हटलं, "आता रोज हसतच घरी जा." तो गेला, पण पावती मागितल्यासारखा चेहरा करून.

*

आता वास्तुपूजनाचा दिवस. होमाचा धूर आत नको म्हणून पूजा अंगणात मांडली होती. काकांचे साळे आदल्या दिवशीच पारशिवनीहून आले होते. त्यांनी हॉलमध्ये उभं राहून भलामोठा श्वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून गा भाऊजी, घराले रंग नाही देल्ला का? नव्या घराचा वासच नाही!"

काकांनी हसून सोडून दिलं. सुखदेवभाऊंच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

पूजेच्या सकाळी मी फाटकातून आत शिरले आणि थबकले. थिनरचा भपकारा! वास घेत घेत तोरणापाशी पोचले, तर आंब्याच्या पानांमागे थिनरमध्ये भिजवलेली चिंधी बांधलेली!

"सुखदेवभाऊ!"

"फक्त बाहेरच्या दरवाजाले, मॅडम," ते खालमानेनं म्हणाले. "पाव्हण्यायले समजाले नको, का घर नवं हाय?"

ती चिंधी मी काठीनं उचलून प्लास्टिकच्या डब्यात बंद केली आणि सुखदेवभाऊंना डब्यासकट रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पिटाळलं. ते परतले तोवर गुरुजींनी हाक मारली, "यजमान, जोडीनं बसा."

काका पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा. काकू कुठेत? स्वयंपाकघरात नाहीत, गच्चीवर नाहीत, शेजारी नाहीत. मोबाइल ओट्यावर पडलेला. सुखदेवभाऊ पांढरेफटक पडले. माझ्या मनात एकच आलं, तो भपकारा काकूंच्या छातीत गेला असेल. अख्खं घर निवडून-पाखडून बांधलं आणि एका चिंधीनं घात केला! मला रडूच यायचं बाकी होतं.

काका पाटावरून उठले. त्यांनी खाप्याला साळीला फोन लावला. "पुष्पा तिकडं निंघाली का वं?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. फोन हातात धरून ते नुसते नव्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांचा तो चेहरा मला पाहवेना.

तेवढ्यात सुखदेवभाऊंनी कान टवकारले. "बेडरूमात फरशी घासाची मशीन कोणं चालू ठेवली?"

आम्ही सगळे धावलो. ते बंद दार कोणी उघडूनच पाहिलं नव्हतं. काकांनी ते ढकललं.

खिडक्या बंद. नव्या प्लायचं कपाट, नवा रंग, गांधीबागेतले पडदे. आणि खाली सतरंजीवर, पूजेची हिरवी साडी नेसून, उशीबिशी काही न घेता काकू आडव्या पडल्या होत्या. पहाटेपासून राबून दमलेल्या. चांगल्या खणखणीत घोरत होत्या!

साळेभाऊ हाक मारायला पुढे झाले. काकांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. डोळे पुसत, आवाज न करता दार लोटलं आणि अंगणात आले.

गुरुजी म्हणाले, "यजमान, मुहूर्त टळतोय!"

"टळू द्या," काका कुजबुजले. "अन् गुरुजी, तोवर मंत्र जरा मनातल्या मनात म्हणता येतीन का?"