हुकमावाचून मिटणाऱ्या पट्ट्या

वर्षभराची द्राक्षं बेदाण्यासाठी शेडमध्ये वाळत घातलीत अन् ओल लागली की माल काळा पडणार. अशा वेळी विश्वास कुणावर ठेवाल? मोबाइलवर, शेजाऱ्यावर की लाकडाच्या पट्टीवर?

सांगलीत माझं ताडपत्री-शेडनेटचं दुकान. इंजिनिअर भाच्यानं बनवलेल्या, झरोक्यांना लावायच्या लाकडी पट्ट्या मी विकायला काढल्या, तेव्हापासून दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठलेत!

माळावरचं कुसळ ओल लागली की आपोआप फिरतं ना, त्यावरनंच त्याला हे सुचलं. दोन पातळ थर चिकटवलेले. एक दमट हवेत फुगतो, दुसरा नाही. पट्टी वाकते, झरोका मिटतो. हवा कोरडी झाली की उघडतो. वीज नाही, मोटार नाही.

पलूसच्या अक्काताईंनी बेदाण्याच्या शेडला बसवून घेतल्या अन् दम भरला, "वरसाचा माल हाय, शेटजी. काळा पडला तर तुमच्या दुकानाला कुलूप मी लावीन!"

तेव्हापासून माझा जीव पलूसला टांगलेला.

*

दुकानात रोज येणाऱ्या रामूतात्यांच्या तोंडात कायम तंबाखू. मी पट्टी पुढं धरून म्हटलं, "तात्या, जरा श्वास सोडा."

तात्यांनी 'हाऽऽ' केलं. पट्टी हळूहळू पाठ फिरवून वळली!

तात्या खट्टू. "घरातली तोंड फिरवती, ते ठीक हाय. आता लाकूडबी?"

*

रिटायर्ड सुभेदारसाहेबांनी गोठ्याला बसवल्या. पहाटे धुकं आलं, सगळ्या पट्ट्या मिटल्या. लगेच फोन.

"हुकूम कुणी दिला?"

"हवेनं, साहेब."

"हवेचं ऐकणाऱ्याला आमी पलटणीत भांडी घासायला लावायचो!"

*

पाटणच्या लॉजवाल्याच्या पट्ट्या जूनमध्ये मिटल्या त्या मिटल्याच.

"शेटजी, श्रावण सरला. ह्या उघडणार कवा?"

"दसऱ्याला."

"मग तुमचा मोबाइलबी दसऱ्यालाच उघडणार व्हय? लय दिस बंद लागतोय!"

*

चैतातली भर दुपार. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मी नेमका पलूसच्या बाजारात, तोच अक्काताईंचा फोन.

"मागच्या बाजूच्या सगळ्या पट्ट्या मिटल्यात! पाऊस कुठनं येतोय? लवकर या!"

पट्टी खोटी ठरली तर माझा शब्द गेला! स्कूटर हाणली. आधी आत शिरून बेदाणा चाचपला. कोरडा ठणठणीत. मग दोघं शेडच्या मागं गेलो.

तीन दगडांची चूल, वर रटरटणारं पातेलं, वाफ सरळ पट्ट्यांवर. अन् पळी घेऊन बसलेले अक्काताईंचे मालक! बी.पी.मुळं डॉक्टरांनी मटण बंद केलेलं.

अक्काताईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"आवं, पाऊस लय झणझणीत पडतुया की!"

किस्सा पुढं सांगाल तेव्हा हिशेब तेवढा प्रामाणिकपणे मांडा. त्या दुपारची चूक माझ्या पट्टीच्या नावावर लिहू नका!