तान्तेची घडीची खुर्ची

आमच्या गावातली गेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका, जगात कोणाला घाबरत नव्हती. पण सोमवारच्या टपालाला ती टरकून असायची, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. कारण त्या टपालात आमच्या खालच्या मजल्यावरच्या तान्तेचं पत्र असायचं. तान्ते म्हणजे डच भाषेत मावशी, आत्या, काकू, जे नातं हाताशी असेल ते. २००५ साली नवऱ्याच्या नोकरीमागोमाग मी पुण्याहून आइंडहोवनजवळच्या या गावात येऊन पडले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी जिना पूर्ण व्यापून एक पासष्टीची, उंचनिंच, काळी बाई समोर उभी राहिली आणि म्हणाली, "का हाल है, बेटी?" मला रडूच फुटलं. पुढे कळलं की ती सुरीनामची, डचांच्या जुन्या वसाहतीतली. तिकडे तिच्या शेजारी बिहारकडून गेलेल्या मजुरांची नातवंडं राहायची, त्यामुळे तिला अशी बरोबर दोन वाक्यं येत होती. दुसरं वाक्य भांडणाचं होतं.

पत्र लिहायला तिला कारण लागायचं नाही असं नाही, पण कारणं तिला मुबलक सापडायची. डिस्कोच्या दारावर दोन काळ्या पोरांना "आज सभासदांनाच प्रवेश" म्हणून परत पाठवलं, लिही पत्र. बसमध्ये तपासनिसाने सगळ्यांना सोडून हिचंच तिकीट मागितलं, लिही पत्र. तेव्हापासून ती बसमध्ये चढली की आपलं लांबलचक तिकीट आरतीच्या ताम्हणासारखं उंच धरून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्या उतारूंना दाखवत जायची आणि मगच बसायची. मी बरोबर असले की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाचनालयात मळ्यांवरच्या गुलामांचा इतिहास सांगणारं एक जाडजूड पुस्तक कोणीतरी बागकामाच्या फळीवर लावलं होतं. तान्ते दर शुक्रवारी जाऊन ते इतिहासाच्या फळीवर ठेवायची आणि तिथली बाई दर शनिवारी ते परत गुलाबांच्या शेजारी आणून ठेवायची. हे दीड वर्ष चाललं. दोघी एकमेकींना अतिशय हसून नमस्कार करायच्या. आलेलं प्रत्येक उत्तर आणि आपल्या पत्राची कार्बन कॉपी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मी पाहिले तेव्हा डबे अकरा होते, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांतल्या एकाही उत्तरात 'हो' नव्हतं.

आणि ती खुर्ची. निळ्या कापडाची, घडीची, काखोटीला मारून न्यायची. कुठल्याही सभेला, सुनावणीला, अगदी चर्चमधल्या कॉफीलाही ती स्वतःची खुर्ची घेऊन जायची. सभागृह रिकामं असलं तरी आपलीच उघडून बसायची. मी एकदा विचारलं, "तान्ते, एवढ्या खुर्च्या पडल्यात, ही कशाला वाहता?" ती म्हणाली, "पस्तीस वर्षं या देशात आहे. जागा नाही असं मला तोंडावर कोणी म्हणत नाही, फक्त खुर्ची एक कमी निघते. मी ती भानगडच ठेवली नाही."

तिचा मूड ओळखायला मात्र तोंडाकडे नव्हे, डोक्याकडे बघायचं. सुरीनामच्या जुन्या बायका छापील सुती रुमाल कडक खळ देऊन, टाचण्या लावून डोक्यावर बांधतात आणि प्रत्येक घडीला अर्थ असतो. गुलामीच्या दिवसांत मालकासमोर तोंड उघडता येत नव्हतं तेव्हा बायका असं बोलायच्या म्हणे. एका घडीचा अर्थ 'बोलू द्या त्यांना', एकीचा 'कोपऱ्यावर माझी वाट बघ', एक शुद्ध संतापाची. मी सकाळी खिडकीतून आधी रुमाल वाचायची आणि मग खाली जायचं की नाही ते ठरवायची. या रुमालांना खळ द्यायला तिला तिकडच्या एका कंदाचं पीठ लागे, ते गावात मिळेना. मी पुण्याच्या सवयीने साबुदाण्याची पेज करून दिली. साबुदाणाही त्याच कंदाचा निघाला. रुमाल असा पापडासारखा कडक उभा राहिला की तान्तेने मला छातीशी धरून श्वास कोंडेपर्यंत दाबलं. त्या दिवसापासून खळ खातं माझ्याकडे आलं. माझ्या आईने उपासाला म्हणून पाठवलेला साबुदाणा उपासाला कधी लागलाच नाही.

रुमालांचा मोठा दिवस एक जुलै. त्या दिवशी त्यांच्या पणज्यांच्या बेड्या तुटल्या. तान्ते चर्चमागचा हॉल घ्यायची, दोनशे खुर्च्या मांडायला लावायची आणि माणसं यायची पस्तीस. त्यांतले दहा शेजारपाजारचे डच, कोंबडीच्या वासाने आलेले. ते भाषणाच्या आधी जेवून पसार होतात हे लक्षात आल्यावर तिने जेवणाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली. मग एक तास दहा मिनिटं भाषण. शेवटी ती आपल्या घराण्यातली नावं वाचायची, त्यांतल्या पहिल्या चौघींना आडनावच नव्हतं. "कागदावर सुटका झाली," ती दरवर्षी सांगायची, "आणि पुढे दहा वर्षं त्याच मळ्यावर राबवून घेतलं. म्हणून मी कागद लिहिते, पण नुसत्या कागदावर विसंबत नाही." एकशे पासष्ट रिकाम्या खुर्च्यांना ती हे जीव तोडून सांगायची. मला बघवायचं नाही, मी कोंबडीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची.

आम्ही आल्याच्या दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात ती एक कागद घेऊन वर आली. "यावर सही हवी. तूच करू शकतेस," म्हणाली. माझं डच तेव्हा दूध-पाव मागण्यापुरतं. मला वाटलं, पुन्हा वाचनालय नाहीतर बस. आणि आमचं इथे राहायचं परमिट त्याच महिन्यात नूतनीकरणाला गेलेलं. नवरा रोज बजावायचा, "आपण इथे पाहुणे आहोत, कुठल्या कागदात अडकू नकोस." मी म्हटलं, "तान्ते, परमिट येऊ दे, मग करते." तिने जास्त आग्रह केला नाही. कागद मी फ्रिजवर साबुदाण्याच्या बरणीखाली ठेवला आणि विसरले.

नोव्हेंबरअखेर मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली. आमची ईरा तेव्हा सहा वर्षांची. इथे डिसेंबरात एक पांढऱ्या दाढीचे संत येतात आणि बरोबर त्यांचे नोकर, तोंडाला काळा रंग फासलेले, खाऊ उधळणारे. वर्गातल्या काही मुलांना नोकर व्हायचं होतं, त्यांत ईरा. बाई हसून म्हणाल्या, "ईराला रंग थोडा कमी लागेल." मीही हसले. गॅदरिंगला झाडं-फुलं होतात तसलंच काही असणार, असं माझ्या डोक्यात. बाजारचा रंग पोरीच्या कातडीला नको म्हणून मी घरीच एरंडेलाचा दिवा लावून त्यावर पितळी वाटी धरून काजळ पाडलं. त्या धुराने इमारतीची आगीची घंटा दोनदा वाजली, इतकं मन लावून पाडलं. सणाच्या सकाळी ईराचं तोंड रंगवलं, पिसाची टोपी घातली, आणि नटूनथटून कुठेही निघालं की आधी तान्तेला दाखवायचं या आमच्या शिरस्त्याप्रमाणे तिला घेऊन खाली गेले. दार उघडताच मी हौसेने म्हटलं, "बघा तान्ते, कशी दिसते!"

तान्ते ओरडली असती तर फार बरं झालं असतं. आत जाऊन नेहमीसारखं आल्याचं बिस्किट आणून तिने ईराच्या हातात ठेवलं, तिची वाकडी झालेली टोपी सरळ केली आणि मला विचारलं, "कागद वाचलास?" मी नाही म्हणून मान हलवली. तिने दार हळू लावून घेतलं.

ईराला शाळेत सोडून मी घरी आले आणि शब्दकोश घेऊन तो कागद वाचला. अर्धं पानही नव्हतं. सणाला मुलांची तोंडं काळी रंगवू नयेत, एवढीच शाळेला विनंती. शाळेचा नियम असा की पालकाची सही असल्याशिवाय विषय सभेपुढे घेत नाहीत. तान्तेची मुलं कधीच मोठी होऊन लांब गेलेली. तिच्या ओळखीत त्या शाळेचं पालक असं एकच होतं, आणि ते बरणीखाली कागद ठेवून काजळ पाडत बसलं होतं. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

संध्याकाळी ईराचं तोंड धुवायला घेतलं. घरचं काजळ, सहज थोडंच निघतंय. तेल लावलं, साबण लावला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी सगळं निघालं तरी पोरगी आरशासमोर गाल घासतच होती. "गेलं का, आई?" म्हणाली. मी म्हटलं, "गेलं गं, आता ही तूच आहेस." तिने आरशात बघितलं आणि पुन्हा साबण घेतला. माझी आई दर पार्सलमध्ये साबुदाण्याबरोबर हिचा रंग उजळायला हळद-बेसनाची पुडी पाठवते, आणि मी ती मुकाट्याने वापरते, हेही मला तेव्हाच आठवलं.

सही करून कागद खाली नेला. तान्तेच्या डोक्यावर रुमाल नव्हता. तिचे आखूड पांढरे केस मी पहिल्यांदाच पाहिले. ती एकदम लहान दिसली. तिने सही नीट बघितली, शाई वाळली का ते बोटाने चाचपलं. "पोरीचं निघालं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "निघालं, पण ती घासायची थांबत नाही." तान्ते खुर्चीत बसली आणि तिने मलाही बस म्हटलं.

मार्चमध्ये शाळेची पालकसभा झाली. तान्तेला तिथे बोलायचा हक्क नव्हता, म्हणून तीन आठवडे स्वयंपाकघरात उभं करून तिने माझ्याकडून आठ वाक्यं घोटून घेतली. नवरा आदल्या दिवसापर्यंत धुमसत होता, पण निघताना त्यानेच माझा कोट हातात दिला. तान्ते 'बोलू द्या त्यांना' बांधून, आपली खुर्ची दाराशी उघडून बसली. मी उभी राहिले आणि आठही वाक्यं विसरले. जे आलं ते एवढंच: "माझी मुलगी अजून तोंड घासते." मग कॉफी आली. कोणीतरी म्हणालं, हा मुलांचा सण आहे, यात कोणाचा वाईट हेतू नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा माझा एकटीचा वर होता. पत्राने उत्तर आलं: विषय पुढील वर्षी विचारात घेऊ. तान्तेने ते तीनदा वाचलं. "नाही म्हणाले नाहीत," म्हणाली, आणि बाराव्या डब्याचं उद्घाटन केलं.

त्या उन्हाळ्यात तिचे गुडघे पार गेले आणि मुलगा तिला आल्मेरला, आपल्या गावी, घेऊन जायला आला. डबे गाडीत चढले, रुमालांची पेटी चढली. खुर्ची मात्र तिने माझ्या हातात दिली.

"शाळेत खुर्च्या आहेत, तान्ते."

"असतात गं. तरी ने."

मी वर येऊन खिडकीत उभी राहिले. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून तिच्या डोक्यावरचा रुमाल दिसला. खळ माझीच होती. घडी होती 'कोपऱ्यावर माझी वाट बघ'. पोचल्यावर तिने दोन पत्रं पाठवली. त्यानंतर जानेवारीत मुलाचा फोन आला आणि त्याने अंत्ययात्रेची वेळ सांगितली.

त्या मार्चची सभा भर दुपारी होती. विषय पुन्हा माझ्याच सहीने आला होता. हॉलमध्ये माणसं कमी आणि खुर्च्या रांगाच्या रांगा रिकाम्या. मी दाराशी निळी खुर्ची उघडायला लागले तर मुख्याध्यापक लगबगीने आले आणि म्हणाले, "अहो, खुर्च्या भरपूर आहेत." मी म्हटलं, "माहीत आहे," आणि बसले. आठ वाक्यं या वेळी एकही न विसरता म्हटली. हात पुन्हा एकच वर झाला. तो खाली घेताना खुर्ची माझ्याखाली कुरकुरली. तिचं कापड मधोमध चांगलं खोल झालं होतं, आणि त्या खोलगट जागेत मी फारच थोडी भरत होते.