बिनसाखरेचं गणित

वाती वळायला बसलं की हात गुंततात, कान मात्र मोकळे राहतात. त्यात आमच्या परभणीच्या घराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी माझी धाकटी जाऊ शीतल मुलांचा गणिताचा वर्ग घेते. मी आपली दाराआड कापूस घेऊन बसते. वाती देवापुढं जळून जातात, किस्से मात्र साठतच जातात!

शीतलची रीत एकच. उत्तर म्हणून सांगायचं नाही. पोरांनी काही विचारलं की हीच उलट विचारणार, "तुला काय दिसतंय?"

* * *

एकदा सुमेधचे वडील तणतणत आले.

"मॅडम, आमचं पोरगं म्हणायलंय, मॅडमला काहीच येत न्हाई. सगळं आमालाच विचारतेत!"

शीतलनं हसून फरशीवर खडूनं एक चौकोन काढला. "भाऊ, याचे चार सारखे भाग करा. किती तऱ्हांनी होतील?"

"त्यात काय! दोन."

"बघा बरं अजून."

भाऊ खाली टेकले. तासाभरानं घरून फोन आला, तर म्हणतात कसे, "तुमी जेवून घ्या. माझ्या अकरा झाल्यात, बारावी सापडायलीय!"

* * *

आता वैशालीचं सांगते. पोरगी चुडाव्याची, इथं मामाकडं राहून आठवी करत होती. वहीत नुसती खाडाखोड, आणि काही विचारलं की मान खाली. शाळेत तेच, ओट्यावर तेच. वडिलांनी निरोप धाडला, "गणित येत नसल तर जूनला शाळा उघडायच्या आत गावाकडं आणतो. शिवण शिकल."

पोर शिवण शिकू दे की, पण स्वतःच्या मनानं! मी काय करणार? माघातल्या चतुर्थीला बाप्पाला सांगून टाकलं, "ही लेक गणितातलं एक उत्तर स्वतःहून बोलेपर्यंत माझ्या चहात साखर नाही."

शीतल म्हणाली, "ताई, आधी सांगायचं ना! काहीतरी सोपं विचारलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं!"

* * *

पुढच्याच संकष्टीला एकवीस मोदक केले आणि नैवेद्य दाखवून ताट ओट्यावर ठेवलं. पोरं आठ. "वाटून घ्या," म्हटलं आणि शीतलकडं बघितलं. ती आकाशाकडं बघत होती!

दोन-दोन वाटून पाच उरले. मोडायचे तर चुरा होतो. बराच वेळ खल झाला. शेवटी सुमेध उठून म्हणाला, "मोदक बरोबर हाईत. आपणच जास्ती झालोत. एक जण घरी गेला की तीन-तीन येतेत!"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. जागचं कुणी हलेना.

तेवढ्यात वैशाली उठली आणि गुपचूप चपला घालायला लागली. मी धावत जाऊन तिला आत ओढलं आणि पाच मोदक घरात ठेवून घेतले.

"शीतल, तिला कळलं होतं गं! हे उत्तर धरायचं का?"

"बोलली कुठं, ताई? साखर बंदच."

* * *

मग आला गोल वस्तूंचा आठवडा. माझ्या पूजेच्या सुतानं पोरांनी ताट, डबे, बांगड्या, पोळपाट, सगळं मोजून काढलं. वस्तू केवढीही असो, तिच्या रुंदीच्या तिप्पट आणि वर थोडं, एवढंच सूत गोल फिरायला लागायचं. "लहानाला बी तीन अन् थोडं, मोठ्याला बी तीन अन् थोडं!" पोरं नाचायला लागली.

घरातल्या वस्तू संपल्यावर सुमेधनं आमच्या ह्यांचं पोट मोजलं. तिथं काही केल्या जमेना. "मॅडम, काकांचं पोट गोल न्हाई!"

हे उठून थेट स्वयंपाकघरात आले. "ऐकलंस? इतकी वर्षं मी काय सांगत होतो!"

* * *

वटपौर्णिमा आली. शाळा उघडायला चार दिवस, आणि वैशालीचे वडील दुसऱ्या दिवशी तिला न्यायला येणार. सकाळचा चहा कडूच घेतला आणि शीतलबरोबर निघाले. ताट धरायला वैशालीला सोबत घेतलं.

बायका वडाला सूत गुंडाळत होत्या. मी हळदकुंकू वाहीपर्यंत वैशाली ताट खाली ठेवून खोडाची रुंदी वितीनं मोजत बसलेली. मी सुताची गुंडी सोडली आणि पहिलं पाऊल टाकलं.

"काकू."

मी थबकले.

"साडेपाच."

"काय गं?"

"फेरे. गुंडीवर वीस मीटर लिहिलंय. सात न्हाई होणार. साडेपाचच होतेल."

शेजारीण भडकली, "सणाच्या दिवशी शुभ बोल गं पोरी!"

मी सूत धरून निघाले. सावित्री मला क्षमा करो, पण त्या फेऱ्यांत माझं चित्त सगळं गुंडीकडं! तीन झाले. चार झाले. पाच झाले. सहाव्या फेऱ्याला मी वडाच्या बरोबर मागच्या बाजूला पोचले, आणि हातातलं सूत संपलं.

"अगंबाई, अर्ध्यावरच संपलं! आता गं काय?" शेजारीण हळहळली.

मी झाडामागूनच ओरडले, "शीतल! वैशालीच्या वडिलांना फोन लाव! आणि ह्यांना सांग, चहा टाका. दोन चमचे साखर!"